डब्यावरची तारीख : तापीकाठच्या एका केळी उत्पादकाचं प्रकरण

वाढलेल्या रक्तदाबाचं आणि मधुमेहाच्या उंबरठ्याचं हे प्रकरण जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यात, तापीकाठच्या एका गावातलं आहे. तिथल्या उपकेंद्रात मी समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून काम करते. माणूस ओळखू येईल असे तपशील बदलले आहेत. आमच्या हातून जे चुकलं ते मात्र तसंच मांडलं आहे, कारण या प्रकरणात शिकण्यासारखं जे आहे ते बरंचसं त्या चुकांमध्येच आहे.

गावात त्यांना सगळे जिभाऊ म्हणतात. मीही इथे तेच म्हणते.

पार्श्वभूमी

जिभाऊ ४६ वर्षांचे. नऊ एकर शेती, त्यातली सहा एकर केळी, बाकी कपाशी, हरभरा आणि घरापुरती दादर ज्वारी. घरात आई, पत्नी, २२ वर्षांचा मुलगा आणि दहावीतली मुलगी. वडील ५८व्या वर्षी लकव्याने गेले. त्यांना रक्तदाब होता की नव्हता हे कोणालाच सांगता येत नाही, कारण तो कधी मोजलाच गेला नव्हता.

डिसेंबरमध्ये आशाताई ३० वर्षांवरच्या लोकांचे तपासणी फॉर्म भरत होत्या. त्या फॉर्मवर धोक्याचे गुण मोजतात. जिभाऊंचे गुण चारच्या वर गेले, म्हणून त्यांना उपकेंद्रात बोलावलं. ते आले ते नाखुशीनेच. वजन ६९ किलो, उंची १६८ सेंटिमीटर. पाहणाऱ्याला माणूस जाड वाटणार नाही. हातपाय बारीक, चेहरा ओढलेला. पण कमरेला टेप लावली तर ९६ सेंटिमीटर भरली. भारतीय पुरुषासाठी ९०च्या वरची कंबर धोक्याची मानतात. रक्तदाब १४८/९२. ग्लुकोमीटरवर, जेवून दोन-अडीच तास झाले असताना, १६८.

"माले काय व्हयेल शे?" असं त्यांनी विचारलं, आणि लगेच स्वतःच म्हणाले, "मी तर बारीक शे."

हा प्रश्न मला महिन्यातून दहा वेळा ऐकू येतो. त्याचं सगळ्यात सोपं उत्तर पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या एका फोटोत आहे. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये तो छापून आला. त्यात ते स्वतः आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी शेजारी-शेजारी उभे आहेत. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. पण ब्रिटिश डॉक्टरांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. आपल्या लोकांची चरबी काट्यावर दिसत नाही, ती पोटात आतड्यांभोवती आणि यकृतात साठते. मी तो फोटो मोबाईलवर ठेवलेला आहे. जिभाऊंनी तो बराच वेळ बघितला आणि शर्ट खाली ओढला.

रक्तदाब आणखी दोन वेगवेगळ्या दिवशी मोजला, दोन्ही वेळा १४०/९०च्या वरच होता. ग्रामीण रुग्णालयात पाठवून रक्त तपासलं. उपाशीपोटी साखर ११६, ग्लुकोज पाजून दोन तासांनी १७८, एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ६.२ टक्के, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २४२. म्हणजे मधुमेह अजून झालेला नव्हता. उपाशीपोटी १२६ किंवा एचबीए१सी ६.५ झाल्यावर तो म्हणतात. पण ते उंबरठ्यावर उभे होते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत देशात ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आणि १५.३ टक्के प्रौढांना ही उंबरठ्यावरची अवस्था आढळली. उंबरठ्यावरचे लोक जास्त आहेत आणि त्यांना काहीच दुखत-खुपत नाही.

अडचण नेमकी कुठे होती

पहिल्या भेटीत त्यांनी दोन गोष्टी ठामपणे सांगितल्या. एक, "मी गोड खासच नही." दोन, दिवसभर शेतातच असतो, त्यामुळे व्यायामाची गरज नाही. दोन्ही मी कागदावर लिहून घेतल्या. तेव्हा पुढे विचारायला हवं होतं. ते मी महिनाभराने विचारलं.

आधी शेताचं सांगते, कारण खानदेशातल्या या आजाराचं मूळ मला तिथे दिसतं. जिभाऊंचे वडील मोट आणि बैलाच्या काळातले. पाणी धरायला रात्रभर बांधाबांधाने फिरायचे. आज केळीला ठिबक आहे. खत टाकीतून नळीवाटे जातं. मोटार मोबाईलवरून चालू-बंद होते. पील (केळीच्या बुंध्यातून फुटणारे कोंब) कापायला, पानं काढायला मजूर येतात. घड कापून गाडीत भरायचं काम व्यापाऱ्याची टोळी करते. जिभाऊ मोटारसायकलने शेतात जातात, झाडाखाली उभे राहून काम सांगतात आणि परत येतात. मुलाने त्यांच्या मोबाईलमध्ये पावलं मोजायचं ॲप टाकलं. आठवडाभर खिशात मोबाईल ठेवून फिरले तर रोजची सरासरी निघाली ३,२००. आकडा बघून त्यांना खरोखर धक्का बसला. पायाला माती लागते म्हणजे कष्ट होतात, असं आपण सगळेच धरून चालतो.

आता गोडाचं. शेतावर निघण्याआधी चहा, परत आल्यावर चहा, पारावर दोन, कृषी केंद्रात एक, व्यापारी आला की एक, रात्री मोटारीची पाळी असली की आणखी एक. सात कप झाले. दर कपात दोन चमचे साखर धरली तर दिवसाला ५५-६० ग्रॅम होते. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर २,००० कॅलरींच्या आहारात जास्तीत जास्त ५० ग्रॅम आणि शक्यतो २५च्या आत ठेवायला सांगते. जिभाऊंनी पेढा-जिलेबीला हात लावला नव्हता हे खरंच होतं. चहाला त्यांनी गोड म्हणून कधी मोजलंच नव्हतं.

त्यावर आठवड्यातून तीन संध्याकाळी ढाब्यावर शेवभाजी. केळीचे भाव, गाडीभाडं, उधारीचा हिशेब हे सगळं तिथेच होतं. सोबत चुना-तंबाखू, दिवसाला एक मोठी पुडी. शेतीच्या विजेची पाळी आठवड्याने बदलते, त्यामुळे रात्रपाळीच्या आठवड्यात झोप चार-पाच तासांची.

कोणते पर्याय होते

रुग्णालयातल्या डॉक्टरांशी बोलताना पहिला प्रश्न गोळीचा निघाला. साखरेसाठी मेटफॉर्मिन लगेच सुरू करायची का? इथे आपल्याच देशातला एक अभ्यास कामी आला. डॉ. ए. रामचंद्रन यांच्या नेतृत्वाखालच्या इंडियन डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅममध्ये उंबरठ्यावरच्या ५३१ लोकांना तीन वर्षं पाहिलं होतं. निष्कर्ष २००६ साली आले. ज्यांना नेहमीचा सल्ला होता त्यांच्यातल्या ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. आहार आणि चालणं बदललं त्यांच्यात ३९.३ टक्के, फक्त मेटफॉर्मिनवाल्यांत ४०.५ टक्के. दोन्ही एकत्र केल्याने जास्त काही पदरात पडलं नाही. म्हणून साखरेला गोळी न देता आहार आणि चालण्यावर वर्षभर जोर द्यायचा असं ठरलं. हा निर्णय आजही मला बरोबर वाटतो.

रक्तदाबाचं वेगळं होतं. वडिलांचा लकवा, पोटाचा घेर, तंबाखू आणि तीन वेगळ्या दिवशी वर आलेलं माप. इथे थांबण्यात अर्थ नव्हता. ॲम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम रोज एक सुरू झाली. जिभाऊंना हे पटवणं कठीण गेलं. "गोळी एकदा लागली की सुटत नाही" हे वाक्य आमच्या भागात गोळीच्या आधी घराघरात पोहोचलेलं असतं. मी त्यांना वडिलांबद्दल विचारलं. लकवा कधी आला, पुढे किती वर्षं अंथरुणात होते, त्यांचं कोणी केलं. जिभाऊंच्या पत्नीने, म्हणजे वहिनींनी, केलं होतं. त्यानंतर गोळीवर वाद झाला नाही.

आहाराबाबत दोन वाटा होत्या. एक, छापील आहारतक्ता देणं. दुसरी, घरी जाऊन चुलीजवळ बसून बघणं. दुसऱ्या वाटेला वेळ लागतो आणि माझ्याकडे पाच गावं आहेत. मी पहिली निवडली.

पहिला प्रयत्न, आणि तो का फसला

तक्त्यात होतं : सकाळी ओट्स किंवा ब्राउन ब्रेड, दुपारी दोन फुलके, सॅलड, साय काढलेलं दूध, रात्री सूप. मी तो जिभाऊंच्या हातात दिला. वहिनी दाराबाहेर बाकावर बसल्या होत्या. त्यांना मी आत बोलावलं नाही.

महिन्याने वजन ६९.४ किलो. कमी व्हायच्या ऐवजी थोडं वाढलेलंच.

घडलं ते असं. ओट्स चोपड्याहून एकदा आणले, कोणालाच आवडले नाहीत, डबा फडताळात गेला. मग कोणीतरी सांगितलं की साखरेला ज्वारी चांगली. घरात दादर होतीच. पोळी बंद, भाकरी सुरू. पण भाकरी "औषधाची" म्हणून रात्रीच्या दोनच्या तीन झाल्या. मी नंतर त्यांच्याकडच्या एका भाकरीचं पीठ मोजलं, ११० ग्रॅम भरलं. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात पिष्ट ६५-७० ग्रॅमच्या आसपास असतं, गव्हाच्या पिठातही फार वेगळं नसतं. धान्य बदललं, ढीग वाढला. दादरचा मला अभिमान आहे, ती आमच्या काळ्या जमिनीची चीज आहे. पण तिला औषध म्हणून विकणाऱ्यांनी माणसांचं नुकसानच केलंय.

आणि केळी! सहा एकर केळीच्या धन्याने केळं खायचं बंद केलं होतं, कारण तक्त्यात "केळी टाळा" असं लिहिलेलं होतं. तसं पाहिलं तर आमच्याकडचा शेतकरी केळी फार खातही नाही. घड हिरवाच कापला जातो, पिकतो दूर कुठल्या तरी पिकवणीच्या खोलीत, रायपनिंग चेंबरमध्ये. जिभाऊंच्या आहारात केळं हा प्रश्न कधीच नव्हता. प्रश्न केळीच्या वेफर्सचा होता, त्या पाकिटाबद्दल तक्त्यात अवाक्षर नव्हतं.

दुसरा प्रयत्न : चुलीजवळ

३० जानेवारीला मी आणि आशाताई त्यांच्या घरी गेलो. दुपारचा स्वयंपाक चालू होता. वांग्याची भाजी होणार होती. मी सोबत छोटा वजनकाटा नेला होता. वहिनींना म्हटलं, नेहमी ओतता तसंच तेल ओता, फक्त आधी या वाटीत. त्यांनी किटली तिरकी केली, डोळ्यांच्या अंदाजाने धार सोडली, थांबवली. काट्यावर ११० ग्रॅम. पाच माणसांची, एका वेळची, एक भाजी. वहिनी काट्याकडे बघत राहिल्या. मग वाटी उचलून त्यांनी परत काट्यावर ठेवली, तरी ११०च.

"वर तर्री दिसली नाही तर हे म्हणतात भाजी पाणचट झाली," त्या म्हणाल्या. जिभाऊ उंबऱ्यात उभे होते. ते काही बोलले नाहीत.

एका भाजीवरून महिन्याचा हिशेब करणं बरोबर नव्हतं, म्हणून वहिनींनी किराणा दुकानदाराची उधारीची वही मागवली. मागचे तीन डबे, प्रत्येकी १५ किलोचे, १७१ दिवसांत संपले होते. म्हणजे ५७ दिवसांना एक डबा, माणशी रोज ५२ ग्रॅमच्या आसपास. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या मार्गदर्शनात २,००० कॅलरींच्या ताटाला तेल-तूप २७ ग्रॅम धरलंय. जवळजवळ दुप्पट. ढाब्यावरची शेवभाजी यात धरलेलीच नाही.

त्याच दिवशी नवा डबा फोडायचा होता. मुलीने पेनाने त्यावर तारीख टाकली : ३० जानेवारी. पुढचं सगळं वर्ष आम्ही याच एका मापावर काढलं. रोज चमचे मोजा म्हटलं असतं तर आठवड्यात कंटाळले असते. डबा किती दिवस पुरला, एवढंच बघायचं.

तेल कमी करून चव कशी राखायची हे मी सांगितलं नाही, मला ते येतही नाही. ते वहिनींनी आणि आजींनी, म्हणजे जिभाऊंच्या आईने, शोधलं. कांदा-खोबरं तेलात परतायच्या ऐवजी निखाऱ्यावर भाजून वाटायचं. गिलकी, गंगाफळ, गवार या भाज्या झाकणावर पाणी ठेवून वाफेवर शिजवायच्या. किटलीने धार सोडायची नाही, पळी वापरायची, भाजीला तीन पळ्या. काळ्या मसाल्याचं प्रमाण मात्र तेच. पहिले चार दिवस कुरकुर झाली, मग थांबली.

भाकरीचं आजींनी सोडवलं. आम्ही ज्वारी की गहू असा घोळ घालत होतो, तेव्हा त्या कोपऱ्यातून म्हणाल्या, "पहिले आम्ही दादरनी भाकर नि ठेचा खाईसन दिनभर निंदाले जाऊत. आते बसेल माणूसले इतली भाकर कसाले?" बसलेल्या माणसाला एवढी भाकरी कशाला, हे मी महिनाभरात कागदावर मांडू शकले नव्हते. ठरलं ते असं : दीड भाकरी, त्यातही आठवड्यातून चार दिवस कळण्याची. कळण्यात चार वाट्या ज्वारीला एक वाटी सालाचा उडीद पडतो. उडदात प्रथिनं ज्वारीच्या दुपटीहून जास्त, सालामुळे चोथाही येतो, पोट लवकर भरतं. बरोबर वाटीभर मटकी, चवळी किंवा डाळ, आणि भाजी आधीच्या दुप्पट. ताटात आधी भाजी-डाळ संपवायची, भाकरी नंतर मोडायची.

चहा सातवरून चारवर आणि दोनऐवजी अर्धा चमचा. हे दोन आठवड्यांत जमलं. पारावर मात्र चहा गोडच येतो, तिथे ते अर्धा कप घेऊ लागले.

मिठाचं सगळ्यात अवघड गेलं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ सांगते. आमच्याकडे उन्हाळ्यात पापड, बिबडे, कुरडया गल्लीतल्या सगळ्या बायका मिळून करतात. ते बंद करा म्हणणं म्हणजे त्यांचं एकत्र बसणंच बंद करा म्हणणं. मी तसं म्हटलं नाही. पापड आठवड्यातून दोनदा आणि भाजून, लोणच्याची फोड एकच, ताटात वरून मीठ वाढायचं नाही, इतकंच.

चालण्यावर दोन आठवडे गेले. शेत घरापासून पावणेदोन किलोमीटर. मी म्हटलं, पायी जा. जिभाऊ एक दिवस गेले. वाटेत तिघांनी विचारलं, "गाडी इकी टाकी का जिभाऊ?" गाडी विकली का? दुसऱ्या दिवशी ते गाडीवर गेले. बाहेरून हे फार किरकोळ वाटेल. पण ज्या गावात गाडी असूनही पायी चालणारा माणूस कर्जात बुडाला असं समजतात, तिथे रोज तो प्रश्न झेलणं सोपं नाही. मग त्यांनी स्वतःच मधला मार्ग काढला. गाडी शेताच्या फाट्यावर लावायची आणि केळीच्या ओळींमधून चालायचं. सहा एकरांच्या बांधाला दोन फेऱ्या मारल्या की २५-३० मिनिटं होतात, ठिबकची गळती आणि करप्याची पानंही नजरेत येतात. रात्री जेवण झाल्यावर देवळापर्यंत १५ मिनिटं, वहिनींबरोबर. जेवणानंतर लगेचचं चालणं साखरेचा चढ कमी करतं, ते मुद्दाम धरलं. आठवड्याला १५० मिनिटं हे लक्ष्य त्यात आरामात बसत होतं. सुरुवातीला वहिनी एकट्या त्यांच्याबरोबर निघायला लाजत होत्या. शेजारच्या दोघी निघाल्या तेव्हा त्या निघाल्या.

मार्चअखेर वजन ६७ किलो, रक्तदाब १३४/८६. ३० जानेवारीचा डबा २१ एप्रिलला संपला. ८१ दिवस, माणशी ३७ ग्रॅम.

घसरण

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आली. लेकीबाळी माहेरी आल्या, आमरस आणि खापरावरच्या पुरणपोळ्या आठवडाभर चालल्या. पाठोपाठ लग्नं, वरण-बट्टीची जेवणं. जळगाव जिल्ह्यात मेमध्ये पारा ४४-४५वर जातो, रात्री आठलाही झळा लागतात. बांधावरच्या फेऱ्या थांबल्या, देवळापर्यंतचं चालणं थांबलं. २१ एप्रिलचा डबा ५४ दिवसांत संपला. जूनमध्ये वजन ६७.८, एचबीए१सी ६.१. सहा महिने राबून ०.१चा फरक. जिभाऊ तो कागद घेऊन माझ्यासमोर बसले आणि काहीच बोलले नाहीत, तेव्हा मलाही शब्द सापडेना.

हा मला सगळ्यात मोठा निर्णयबिंदू वाटतो. इथून ते परत आलेच नसते तर नवल नव्हतं. मी त्यांना आकडा सोडून डब्यांच्या तारखा बघायला लावल्या. जानेवारी ते एप्रिल ८१ दिवस, एप्रिल ते जून ५४ दिवस. ते स्वतःच म्हणाले की ५४ दिवसांत पाहुणे होते. पण चालणं का थांबलं याला पाहुणे कारण नव्हते, ते ऊन होतं, आणि उन्हाचा विचार आम्ही फेब्रुवारीतच करायला हवा होता. वेळ पहाटे साडेपाचची ठरली.

दुसरी घसरण मी लवकर पकडली नाही. जुलैत एका नातेवाइकाने त्यांना "बीपी-शुगर दोन्हींवर चालणारी" पावडर दिली. मागच्या वेळी रक्तदाब चांगला आला होता, म्हणून त्यांनी गोळी सोडली आणि पावडर धरली. पाच आठवडे. ऑगस्टमध्ये कानबाईच्या सणानंतर, रोट झाल्यावर, ते सहज उपकेंद्रात डोकावले, माप निघालं १५८/९६. डोकं दुखत नव्हतं, चक्कर नव्हती, काहीही नव्हतं. मी रागावले नाही. रागावले असते तर पुढच्या वेळी पावडर लपवली असती. रक्तदाब चांगला आला होता तो गोळी चालू असल्यामुळे, एवढंच दोनदा सांगितलं आणि गोळी परत सुरू झाली. दोन आठवड्यांनी पुन्हा मोजला, १३८/८८. त्या दिवसापासून आशाताई दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात गोळ्यांची रिकामी पाकिटं बघून येतात.

वर्षभरानंतर

डिसेंबरमध्ये वजन ६५.५ किलो, कंबर ९१ सेंटिमीटर. रक्तदाब गोळीसह १३०/८४. उपाशीपोटी साखर १०२, एचबीए१सी ५.८, ट्रायग्लिसराइड १६८. ते अजून उंबरठ्यावरच आहेत. ५.७च्या खाली आले की उंबरठा सुटला म्हणायचं. पण आतल्या बाजूला जात होते ते आता बाहेरच्या बाजूला सरकले आहेत.

पावसाळ्यातला डबा, १४ जून ते ९ सप्टेंबर, ८७ दिवस चालला. दिवाळीचा फराळ धरूनही पुढचा ७६ दिवस गेला.

ढाबा आठवड्यातून एकदा आहे. थंडीतल्या भरीत पार्टीला ते गेले. वांगी नेहमीसारखी कपाशीच्या काड्यांवर भाजलेली, वर कांद्याची पात. पुऱ्यांच्या ऐवजी घरून कळण्याच्या भाकरी नेल्या होत्या, आणि आधी जे हसले त्यांनीच त्या मागून घेतल्या. भरताचं वांगं बिचारं निर्दोष आहे, ते पिऊन घेतं त्या तेलाचा आणि सोबतच्या पुऱ्यांचा प्रश्न असतो.

तंबाखू सुटली नाही. मोठ्या पुडीवरून लहान पुडीवर आली आहे, त्याला मी यश म्हणणार नाही.

आज हेच प्रकरण आलं तर

पहिल्याच दिवशी वहिनींना आत बोलवेन. ज्या हातात तेलाची किटली आहे त्या हाताला बाहेर बसवून पुरुषाला आहार सांगण्यात माझा एक महिना आणि त्यांचा विश्वास, दोन्ही गेले. वहिनींचीही तपासणी पहिल्या दिवशीच करायला हवी होती. ती मी मार्चमध्ये केली, त्यांची कंबर ८६ होती, बायकांसाठी धोक्याची रेघ ८० आहे. साखर सुदैवाने ठीक निघाली. त्या वर्षभर नवऱ्यासाठी म्हणून चालल्या आणि त्यांची स्वतःची कंबर चार सेंटिमीटरने कमी झाली, तेव्हा कुठे मी त्यांचा वेगळा कागद केला.

छापील तक्ता देणार नाही. तीन प्रश्न विचारेन : चहा किती कप, तेलाचा डबा किती दिवस पुरतो, घराबाहेर किती वेळा जेवता. आमच्या भागात एवढ्यावरून बरंच उमगतं. सण, लग्नसराई आणि ऊन यांची आखणी महिनाभर आधी त्या घराबरोबर बसून करेन. पुरणपोळी खायची नाही असं कधीच सांगणार नाही, किती दिवस खायची ते आधी ठरवू. गोळी सुरू झाल्यावर पहिले तीन महिने दर पंधरा दिवसांनी मोजमाप ठेवेन, आणि माप चांगलं आलं की त्याच क्षणी, माणूस खुर्चीतून उठायच्या आत, ते कशामुळे चांगलं आलं हे सांगेन.

तंबाखूचं पहिल्या भेटीत काढणार की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तेव्हा काढलं असतं तर ते परत आले नसते असं आशाताईंना वाटतं. मला वाटतं वडिलांच्या लकव्याबद्दल बोललो त्याच दिवशी तेही बोलायला हवं होतं.

आणि मुलगा. तो २२ वर्षांचा आहे, आमच्या तपासणीच्या यादीत ३०च्या आतला कोणी येत नाही. शेताचा बराचसा कारभार आता त्याच्या मोबाईलवरून चालतो. डिसेंबरमध्ये वडिलांची कंबर मोजून झाल्यावर आशाताईंनी टेप त्याच्याही कमरेला लावली. ९३ भरली. टेप उलटी धरली असेल असं म्हणत त्याने पुन्हा मोजायला लावलं. यादीत बसत नसला तरी त्याची उपाशीपोटी साखर पुढच्या आठवड्यात करतोय, आणि पहाटेच्या फेरीला तो वडिलांबरोबर येतो का हे जानेवारीच्या भेटीत कळेल.